बांधाखालचं घर

मार्चमध्ये बेरिलला मूल व्हायचं होतं, आणि तिच्या बापानं जानेवारीतच त्या मुलाची ऑगस्टमधली सुट्टी ठरवून टाकली.

तिचा बाप, सिरिल ओल्डनो, नॉटिंगहॅममध्ये ट्रॉलीबस चालवायचा. त्याची बायको एनिड लेसच्या कारखान्यात होती. लग्न झाल्यापासून, लढाईची वर्षं सोडली तर, दर ऑगस्टला दोघं आठवडाभर मार्लथॉर्पला समुद्रावर जात, आणि मार्लथॉर्पला जायचं म्हणजे मिसेस कटफोर्थकडेच उतरायचं. दुसरीकडे कुठं राहावं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. यंदा ते सिरिलच्या मनात आलं. काही दिवस त्यानं ते तोंडातल्या गोळीसारखं घोळवलं आणि एका संध्याकाळी जेवणाच्या बशा बाजूला सारून वर्तमानपत्राचा एक तुकडा एनिडपुढं ठेवला.

"वाच."

"चष्मा वर राहिलाय. तूच वाच."

"समुद्रकाठी बंगला. सहा माणसांची सोय. स्वयंपाकघर स्वतंत्र. मुलाबाळांसह येणाऱ्यांचं स्वागत." शेवटचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं.

"कुणासाठी?"

"आपल्यासाठी, बदके. तू, मी, बेरिल, जावईबापू आणि बाळराजे."

नॉटिंगहॅमकडे बायकोलाच काय, बसमध्ये चढणाऱ्या परक्या बाईलाही लाडानं 'बदके' म्हणतात. पण सिरिल घरात तो शब्द काढायचा तेव्हा त्याला काहीतरी गळ्यात मारायचं असायचं, हे एनिडला पाठ होतं.

"आणि मिसेस कटफोर्थ?"

"मिसेस कटफोर्थ पाच वर्षांखालचं पोर घरात घेत नाही. माहितेय ना तुला? पोराचं सोड, तिच्या घरात शिंकायचं तरी आधी विचारावं लागतं. सकाळी घंटा वाजली की खाली. खाल्लं की बाहेर. पाऊस असो, वारा असो, संध्याकाळच्या घंटेपर्यंत आत पाऊल नाही. गेल्या वर्षी तीन दिवस मी बसथांब्यावर बसून सुट्टी काढली! बसच बघत बसायच्या तर इथं काय वाईट होतं?"

बाळंतपणाला माहेरी आलेली बेरिल विस्तवापाशी पाय वर घेऊन बसली होती. ती हसली. "बाबा, आधी त्याला येऊ तर दे."

"तेच म्हणते मी," एनिड म्हणाली. "बाळ यायच्या आधी बाबागाडीसुद्धा उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. हा तर त्याचा पाळणा कुठं ठेवायचा ते ठरवतोय."

"पाळणा पूर्वेच्या खिडकीखाली," सिरिल म्हणाला. "सकाळचं ऊन येईल."

तेव्हा तिला कळलं की यानं सगळं आधीच मनात मांडून ठेवलंय, आपल्याला फक्त कळवतोय.

जागा न बघता होय म्हणायचं नाही, एवढी एकच गोष्ट एनिडनं पदरात पाडून घेतली. महिनाअखेरच्या शनिवारी सिरिलला सुट्टी होती. जायचं, बघायचं, रात्रीच्या गाडीनं परत यायचं, असं ठरलं. फक्त मिसेस कटफोर्थला त्याचा वास लागता कामा नये.

"तोंडावर सांगू ना तिला," एनिड म्हणाली. "इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लंय."

"तोंडावर? तू सांग. मी गाडीत बसून वाट बघतो."

*

शनिवारी सकाळपासून वारा होता. गाडी सपाट मुलखात शिरली तसा तो डब्यावर आडवा आदळायला लागला. तारांचे खांब वाकल्यासारखे दिसत होते, आणि शेतांमधल्या चरांतलं पाणी वाऱ्यानं उलट्या बाजूला ढकललं जात होतं. डब्यात ते दोघंच होते. तिकीट तपासायला आलेला माणूस म्हणाला, "मार्लथॉर्प? आज? तिथं आज कुत्रंसुद्धा नसेल."

"मग गर्दी नसेल," सिरिल म्हणाला.

खरंच गर्दी नव्हती. उन्हाळ्यात स्टेशनातून बाहेर पडलं की तळलेल्या माशांचा वास, गाढवांच्या गळ्यातल्या घंटा आणि बालद्या-फावडी घेतलेली पोरं अंगावर यायची. आता सगळ्या टपऱ्यांना फळ्या ठोकलेल्या. आइस्क्रीमवाल्याची पत्र्याची पाटी एका खिळ्यावर लटकून आपटत होती, थांबत होती, पुन्हा आपटत होती. रस्त्यावर वाळू धुरासारखी सरपटत होती.

मिसेस कटफोर्थचं विटांचं तीनमजली घर रस्त्याच्या तोंडालाच होतं, समुद्रापासून जरा आत. सिरिलनं कॉलर वर केली, टोपी कानांवर ओढली आणि समोरच्या फुटपाथवरून चोरासारखा चालायला लागला. एनिडनं मान खाली घातली तरी तिला दिसलं, पहिल्या मजल्यावरचा पडदा हलला.

"बघितलं तिनं."

"वाऱ्यानं हलला."

"काचा बंद आहेत, सिरिल."

"मग भुतानं हलवला. चल."

बंगला बांधाला अगदी चिकटून होता. तो बांध वाळूच्या टेकड्यांचाच होता, वर गवत, मध्ये मध्ये काँक्रीट, आणि तोच समुद्र आणि गावाच्या मध्ये उभा. त्याच्या आतल्या अंगाला हिरव्या-पिवळ्या रंगाच्या छोट्या घरांची एक रांग होती. त्यातली निम्मी घरं जुने रेल्वेचे डबे आणून उभी केलेली. जाहिरातीतला बंगलाही तसाच, दोन डबे समोरासमोर ठेवून मध्ये छप्पर घातलेलं. दारांना अजून पितळेच्या मुठी होत्या.

किल्ली शेजारच्या घरात होती. तिथं मिस्टर स्क्रिमशॉ बाराही महिने एकटे राहायचे. सत्तरी ओलांडलेले, शेफील्डच्या पोलादाच्या भट्टीतून निवृत्त झालेले, लालबुंद तोंडाचे, आणि बोलायला माणूस मिळाला की सोडायचे नाहीत असे.

"या, या! जानेवारीत पाहुणे म्हणजे भाग्यच. मांजरावर पाय देऊ नका, तेवढं सांभाळा. साखर आणलीय का तुम्ही? नसली तरी चालेल. माझ्या रेशनची साखर मी कुणाला पाजत नाही, पण तुमच्या मिसेसकडे बघून पाजीन."

सिरिलला तो माणूस पाहताक्षणी आवडला. एनिडलाही आवडला. त्यानं बंगल्यातली शेगडी पेटवून दिली, केटली ठेवली, आणि सिरिलबरोबर खोल्या फिरून दाखवल्या. इथं दोन खाटा, इथं पडदा टाकला की जावयाची सोय, ही पूर्वेची खिडकी. सिरिल लहान मुलासारखा झाला होता. त्यानं पाळण्याची लांबी हातांनी धरून दाखवली.

"इथं बसेल. बघ, एनिड. इथं!"

एनिड खिडकीपाशी गेली. बाहेर फक्त बांध होता. खिडकीच्या वर, छपराच्या वर चढत गेलेला वाळूचा उतार. आभाळ पाहायला मान वर करावी लागत होती.

"ऊन कुठून येणार इथं?" ती म्हणाली.

"समुद्र आहे पलीकडे."

"तेच. किती पलीकडे?"

"जाऊन बघा ना," स्क्रिमशॉ म्हणाले. "पायऱ्या आहेत. आत्ता ओहोटी असेल, अर्धा मैल वाळू उघडी पडलेली दिसेल. नातवाला दाखवायला तेवढी पुरे."

ती एकटी गेली. पायऱ्या चढताना वारा तिला कठड्यावर दाबत होता. वर पोहोचली आणि ती तिथंच उभी राहिली.

वाळू नव्हती.

समुद्र पलीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी होता. तो काही फार खवळलेलाही नव्हता. वारा तिरका असल्यामुळं लाटा उंच नव्हत्या. करडं, जड पाणी भरून आलेल्या घमेल्यासारखं काठोकाठ उभं होतं आणि बांधाच्या पायाला चाटत होतं. उन्हाळ्यात जिथं गाढवं चालत तिथं पाणी होतं. जिथं लोक खुर्च्या टाकून बसत तिथंही पाणीच. तिनं डावीकडे समुद्राकडे पाहिलं, मग उजवीकडे खाली घरांकडे. बंगल्याच्या धुराड्यातून सिरिलच्या शेगडीचा धूर निघत होता. ते धुराडं तिच्या पायांच्या पातळीला होतं. पुन्हा तिनं पाणी पाहिलं. पाणी त्या बंगल्याच्या खिडक्यांपेक्षा वर होतं.

पायऱ्या उतरताना तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला.

"ओहोटी आहे म्हणालात ना?"

"आहेच. दुपारची." स्क्रिमशॉंनी खिशातलं घड्याळ काढलं. "आत्ता तळाशी असणार."

"वाळू दिसत नाही. पाणी पायऱ्यांशी आहे."

"तुम्हाला भास झाला असेल. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं, मग सगळंच पाणी दिसतं." ते हसले. मग तिचं तोंड बघून उठले, कोट घातला आणि वर जाऊन आले. परतले तेव्हा ते हसत नव्हते, पण घाबरलेलेही नव्हते. एखाद्या ओळखीच्या माणसानं भलतंच काही बोलावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"गंमतच आहे," ते म्हणाले. "गेलंच नाहीये."

"काय गेलं नाही?" सिरिलनं विचारलं.

"पाणी. सकाळची भरती आली ती परत गेलीच नाही. वाऱ्यानं धरून ठेवलं असेल. असं होतं कधीकधी."

"होतं?"

"मी नाही पाहिलं अजून. पण होत असेल."

एनिड म्हणाली, "ही गेली नाही, आणि संध्याकाळची भरती यायची आहे. ती कुठं बसणार?"

सिरिलनं स्क्रिमशॉंकडे पाहिलं. मग स्क्रिमशॉ म्हणाले, "हा बांध माझ्या बापाच्या वेळेपासून आहे, बाई," आणि चहा ओतायला लागले.

*

खरं तर तेव्हाच निघायचं. पण माणूस भीतीला मान द्यायला लाजतो, त्यातून ती बायकोची असेल तर जास्तच. चहा झाला. मग सिरिल म्हणाला, आपण आजची रात्र इथंच राहू. खाटा आहेत, गाद्या आहेत, शेगडी पेटलीय. झोपून बघितल्याशिवाय घर कळत नाही.

"रात्रीच्या गाडीनं जायचं ठरलंय."

"बेरिलला शेजारीण आहे सोबतीला. एक रात्र!"

"मी इथं झोपणार नाही."

"का?"

"समुद्राच्या खाली झोपायचं नाही मला. आणि तिला तर मुळीच झोपवायचं नाही इथं."

"कुणाला?"

एनिड बोलून गेली होती. मूल मुलगा की मुलगी कुणाला माहीत नव्हतं, पण तिच्या मनात ती मुलगीच होती. त्या पूर्वेच्या खिडकीखाली पाळण्यात झोपलेली. "सुट्टी तुझी तू घे," ती म्हणाली. "माझी नात इथं येणार नाही. ऐकलंस?"

"तुला कटफोर्थ बाईची घंटाच बरी वाटते. सवय झालीय तुला हुकमाची!"

"हो. झालीय. सव्वीस वर्षं तुझ्याबरोबर राहून झालीय."

तिनं कोट चढवला. उजेड मावळत होता. सिरिल दारात उभा राहून ओरडला, "कुठं निघालीस?"

"जिच्यापासून तू लपतोयस तिच्याकडे. तुला बाळाची लाज नाही, निदान मला त्या बाईची आहे."

"जा! आणि सांग तिला, सिरिल ओल्डनो तिच्या घरी पुन्हा पाय पुसणार नाही!"

स्क्रिमशॉ आपल्या दारातून हे सगळं ऐकत होते. "पत्ते खेळता का? क्रिबेज?" त्यांनी सिरिलला विचारलं. "ती परत येईपर्यंत. बायका परत येतात."

*

मिसेस कटफोर्थनं दार उघडलं आणि नेहमीप्रमाणं आधी पाहुणीच्या बुटांकडे पाहिलं. "पाय पुसा," ती म्हणाली. मग, "तुमचे मिस्टर बरे आहेत ना? दुपारी कॉलर वर करून चालले होते. मला वाटलं दात दुखतोय."

एनिडला रडूच आलं. तिनं सगळं सांगून टाकलं. जाहिरात, बंगला, नातवंड, भांडण. मिसेस कटफोर्थ ताठ बसून ऐकत होती. उंच, हाडकुळी, एकही केस इकडचा तिकडे नाही. ती तिशीत असतानाच नवरा मासेमारीच्या बोटीबरोबर बुडाला. तेव्हापासून हे घर आणि ही घंटा.

"लहान मुलं मी घेत नाही," ती शेवटी म्हणाली, "ती रात्री रडतात. मला रडणं ऐकवत नाही. एवढंच कारण आहे. तुमचे मिस्टर समजतात तसं गालिच्यासाठी नाही." तिनं टेबलावरचं कापड सारखं केलं. "गालिच्यासाठीही आहे थोडं."

मग तिनं टेबलावर पाव, डब्यातला मासा आणि चहा मांडला. एनिडनं आपली साखरेची पुडी काढून ठेवली. वाऱ्यानं धुराडं घुमत होतं. एनिडनं पाण्याची गोष्ट सांगितली, ते गेलंच नाही ती. मिसेस कटफोर्थचा सुरीचा हात थांबला.

"पायऱ्यांशी? दुपारी?"

"हो."

"आणि ते दोघं तिथंच बसलेत?"

"पत्ते खेळत असतील."

मिसेस कटफोर्थ उठली. तिनं फोन उचलला, कान लावला आणि ठेवला. "लागत नाहीये," ती म्हणाली. "कोट घाला. आपण जाऊन त्यांना घेऊन येऊ." आणि ती दिवाणखान्यातून बाहेर पडली तेवढ्यात दिवे मंद झाले, पुन्हा उजळले आणि गेले.

काळोखात आधी आवाज आला. लांबून मालगाडी यावी तसा. पण स्टेशन दुसऱ्या बाजूला होतं.

"कुणीतरी नळ उघडा ठेवलाय," मिसेस कटफोर्थ म्हणाली. दाराखालून पाणी येत होतं. तिनं काडी ओढली. त्या उजेडात दोघींनी पाहिलं की दारामागच्या बोळातला गालिचा जमिनीवर नव्हता. तो मध्येच फुगून वर आला होता आणि हलत होता, जणू खाली कुणी श्वास घेत होतं. मग पुढच्या दारावर काहीतरी जड आपटलं, वरची काच फुटली आणि पाणी थेट आत आलं.

"वर!" मिसेस कटफोर्थनं एनिडचा दंड धरला. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीपर्यंत ते त्यांच्या मागं मागं आलं, मग हळू हळू चढत राहिलं. खाली खुर्च्या एकमेकींवर आदळत होत्या. कुठंतरी ती जेवणाची घंटा पाण्याबरोबर हेलकावत वाजत होती, दोनदा, तीनदा, आणि बुडाली.

वरच्या खिडकीतून चंद्र ढगांतून आत-बाहेर होताना दिसत होता. रस्ता नव्हता. रस्त्याच्या जागी काळं पाणी वेगानं वाहत होतं. त्यावर फळ्या, एक दरवाजा, कोंबड्यांचं खुराडं आणि पांढरं काहीतरी, बहुधा उशी. बांधाकडे जिथं बंगल्यांचे दिवे दिसायला हवेत तिथं एकही उजेड नव्हता.

"सिरिल!" एनिड ओरडली. वाऱ्यानं हाक तिच्याच तोंडात परत कोंबली. ती तरीही ओरडत राहिली. मिसेस कटफोर्थनं तिला गप्प केलं नाही. ती चादरी काढत होती. इस्त्रीच्या, कडक, नावं विणलेल्या चादरी. एकेकीला गाठ मारत ती म्हणत होती, "ओरडत राहा. थांबू नका. त्यांना कळायला हवं कुठल्या घराकडे यायचं ते."

आणि तसंच झालं. पाण्यातून उत्तर आलं. आधी एनिडला ते कुत्रं वाटलं. मग चंद्र बाहेर आला आणि समोरच्या दुकानाच्या लोखंडी कठड्याला धरून छातीभर पाण्यात उभा माणूस दिसला. टोपी नव्हती. रस्ता ओलांडायचा होता, पण प्रवाह त्याला सोडू देत नव्हता.

"सिरिल, तो दरवाजा येतोय! धर त्याला! आत्ता!"

त्यानं हात सोडले. एनिडनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तो दरवाज्यावर आडवा पडून त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या, भिंतीबाहेर काढलेल्या खिडकीवर येऊन आदळत होता. चादर त्याच्यापर्यंत पोहोचली. दोघी बायकांनी पलंगाच्या पायाला टाच लावून ओढलं. मिसेस कटफोर्थच्या हातांची सालटी निघाली तरी तिनं सोडलं नाही. तो खिडकीतून आत पडला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. दात एकमेकांवर वाजत होते. एनिडनं त्याचे कपडे ओरबाडून काढले, आणि त्या कटफोर्थ बाईनं, जिच्या घरात ओला टॉवेलसुद्धा खुर्चीवर ठेवायची बंदी होती, स्वतःच्या पिसांच्या गादीत त्याला कोंबलं.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "स्क्रिमशॉ."

"कुठं आहेत ते?"

"मागून येतो म्हणाले."

मग त्यानं तुकड्यातुकड्यांत सांगितलं. एनिड गेल्यावर डाव मांडला, पण त्याचं लक्ष लागेना. छपरावर पाण्याचे शिंतोडे पडायला लागले. स्क्रिमशॉ म्हणाले, पाऊस. मग दाराखालून ओल आली. त्यांनी पोतं गुंडाळून लावलं आणि पानं पिसली. सिरिल म्हणाला, चला, कटफोर्थकडे जाऊ, मी बायकोची माफी मागतो, तुम्ही चहा प्या. ते म्हणाले, "त्या बाईच्या पायपुसण्यावर माझे पाय झिजतील. तू हो पुढं. मी मांजर शोधतो, दिवा विझवतो, आणि आलोच." सिरिल पुढं झाला. रस्त्याच्या मध्यावर होता तेव्हा मागं तो आवाज झाला.

"मी वळून बघितलं," तो म्हणाला. "एनिड, तो बांध असा... उघडला. दार उघडावं तसा. आणि त्या घरांच्या वर पाणी उभं होतं."

उजाडेपर्यंत ते तिघं त्या एका पलंगावर अंग चिकटवून बसले, आणि खाली पाणी भिंतींना हात लावत घरभर फिरत राहिलं.

*

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. याचाच एनिडला सगळ्यात जास्त राग आला. पिवळं ऊन त्या घाणेरड्या पाण्यावर चकाकत होतं, आणि पाण्यात मेलेल्या मेंढ्या होत्या. दुपारच्या आधी वल्ह्याची होडी आली आणि त्यांना खिडकीतून उतरवून घेऊन गेली. मिसेस कटफोर्थनं उतरताना मागं वळून पाहिलं नाही. तिच्या हातात फक्त एक हँडबॅग होती.

स्क्रिमशॉ दुसऱ्या दिवशी सापडले, त्यांच्याच घरात. बंगला जागेवर नव्हता. पाण्यानं तो उचलून शेताच्या चरात तिरका नेऊन टाकला होता, पूर्वेची खिडकी वाळूत गाडलेली. सिरिलनं तो लांबून पाहिला, आणि एनिडकडे बघितलंच नाही. बोलण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं, पण ते तिनं त्याच्यावर कधी वापरलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मिसेस कटफोर्थला जायला जागा नव्हती. ती नॉटिंगहॅमला त्यांच्याबरोबर आली आणि मागच्या खोलीत राहिली. पहिल्या सकाळी ती कोट-टोपी घालून, बॅग हातात घेऊन बोळात उभी होती.

"कुठं निघालात?" सिरिलनं विचारलं.

"नाश्ता झाला," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत बाहेर राहायला हवं ना?"

ती थट्टा करत नव्हती. सिरिलनं तिच्या हातातून बॅग काढून घेतली, तिला विस्तवाजवळच्या आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः ड्यूटीला निघून गेला. त्या रात्री त्यानं एनिडला विचारलं, "तिला एकटीला भीती वाटत असेल का गं?" एनिड म्हणाली, "तुला वाटते का?" तो म्हणाला, "हो."

मार्चमध्ये मुलगी झाली. एनिड म्हणाली होती तशी. पोरगी रात्रभर रडायची, आणि मागच्या खोलीतून मिसेस कटफोर्थ उठून यायची, काही न बोलता तिला खांद्यावर घ्यायची आणि बोळात येरझारा घालायची. बेरिलला वाटायचं, बाई चिडली असेल. पण तिच्या येरझारा उजाडेपर्यंत थांबायच्या नाहीत.

एका रविवारी सिरिल एकटाच गाडीनं शेफील्डला गेला. स्क्रिमशॉंची एक थोरली बहीण तिथं होती, हे त्यानं दफनाच्या वेळी ऐकलं होतं. छोटंसं काळवंडलेलं घर, पांढरी घासलेली पायरी. म्हातारीनं त्याला आत घेतलं. तो टोपी हातात फिरवत बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, चहा, पत्ते, पोतं, मांजर. आपण पुढं झालो तेही.

"मी त्यांना ओढून न्यायला हवं होतं," तो म्हणाला. "दंड धरून. मी नुसतं म्हटलं, चला."

म्हातारीनं विस्तवात एक कोळसा टाकला.

"डाव कोण जिंकत होतं?" तिनं विचारलं.

"ते."

"हं," ती म्हणाली, आणि उठून आत चहा ठेवायला गेली. सिरिलला आतून कपांचा आवाज आला, मग आवाज थांबला, आणि ती खूप वेळ बाहेर आली नाही. तो टोपी हातात धरून बसून राहिला. निघून जाणं बरं दिसलं नसतं.